तळहातावरचा षटकोन

मगदूम मॅडमच्या प्रयोगशाळेत कुठल्याही बाटलीचं झाकण उघडायच्या आधी एक विधी करावा लागे. डावा तळहात पुढे धरायचा, बाटलीवरचं नाव मोठ्याने वाचायचं आणि उजव्या हाताच्या बोटाने त्या पदार्थाची रचना तळहातावर काढून दाखवायची. शाई नाही, खडू नाही, नुसतं बोट. बेंझिनच्या कुळातला पदार्थ असला तर आधी षटकोन, त्याच्या आत वर्तुळ, मग कुठल्या कोपऱ्याला काय चिकटलंय ते. काढता आलं तर बाटली मिळायची. नाही आलं तर मॅडम ती परत फळीवर ठेवायच्या आणि म्हणायच्या, "वळख न्हाय तर दार कशाला वाजवतोस? जा, वाचून ये."

बीएस्सीची पोरं याची यथेच्छ टिंगल करत. कँटीनमध्ये मिसळ आली की आधी तळहातावर बोट फिरवायचं आणि मगच पावाला हात लावायचा, असा खेळच होता त्यांचा. मीही हसायचे. मी तेव्हा नुकतीच कोल्हापूरच्या त्या कॉलेजात नोकरीला लागले होते. पुण्याहून एमएस्सीचं सुवर्णपदक घेऊन आले होते आणि ते पदक गळ्यात नसलं तरी माझ्या चालण्याबोलण्यात सगळ्यांना दिसत असणार. मला हा सगळा प्रकार थेर वाटायचा. तो थेर नव्हता हे मला ज्या दिवशी कळलं तो दिवस मी विसरूच शकत नाही. पण तो सांगायच्या आधी मॅडम कशा होत्या ते सांगायला हवं.

मॅडम जाऊन आता दीड वर्ष होईल. गडहिंग्लजच्या पेठेत त्यांच्या वडिलांचं मिरचीचं दुकान होतं. घरात कानडी, दुकानात मराठी आणि कॉलेजात रसायनशास्त्राचं इंग्रजी, अशा तिन्ही भाषा त्या एकाच पट्टीत बोलायच्या, आणि ती पट्टी फार वरची होती. फाटकाशी उभं राहिलं तरी दुसऱ्या मजल्यावरचं त्यांचं लेक्चर ऐकू येई. उंच, हाडापेराने मजबूत, इरकलीवर पांढरा ॲप्रन, कपाळावर भस्माची बारीक रेघ. कोल्हापूरकडच्या पुष्कळ बायकांसारख्या त्या "मी आलो, मी गेलो" असंच बोलायच्या. पहिल्याच दिवशी मला म्हणाल्या, "मी तुला वरडलो तर रडायचं न्हाय. मी समद्यांस्नीच वरडतो." त्यात खोटं काही नव्हतं. प्राचार्यांपासून प्रयोगशाळेतल्या दत्तूमामा शिपायांपर्यंत कुणाचीच त्यातून सुटका नव्हती.

असा आवाज असलेली बाई फळ्यापाशी गेली की मात्र तिचा हात बघत राहावा असा चालायचा. खडू टेकवायच्या आणि न उचलता षटकोन पुरा करायच्या. शेवटची बाजू पहिलीला अशी येऊन भिडे की सांधा शोधून सापडू नये. एकदा तास संपल्यावर वर्गात कुणी नाही असं बघून मी पट्टी लावून तो षटकोन मोजला. सहाही बाजू सारख्या निघाल्या. मी पट्टी गुपचूप ड्रॉवरमध्ये ठेवून दिली आणि हे कुणाला सांगितलं नाही.

बेंझिनची ओळख त्या ज्या तासाला करून द्यायच्या त्या तासाला मागच्या बाकावर मीही बसायचे. म्हणायचे, नवीन आहे, बघते तुम्ही कसं शिकवता. खरं कारण म्हणजे तो तास मला चुकवावासा वाटायचा नाही.

"हे सहा कार्बन. गोल करून बसल्यात," त्या फळ्यावर हात आपटून विचारायच्या. "ह्यात पहिला कोण?"

"वरचा, मॅडम," कुणीतरी म्हणे.

"वरचा का? वही फिरव तुझी. आता कोण?"

पोरगा वही फिरवून बघे. वर दुसराच कोपरा आलेला असे.

"पहिला कोणच न्हाय! समदी सारखी. कुणाचा मान जास्त न्हाय, कुणाचा कमी न्हाय. आता ह्यात एक पावणा आला. समज, ओएच आला. तो जिथं टेकला तो एक नंबर. तिथनं मोजायचं. त्याची शेजारची दोन घरं ऑर्थो, एक घर सोडून मेटा, समोरासमोर पॅरा. झालं. ह्याच्यात पाठ करण्यासारखं काय हाय सांग की मला!"

मी पाठच केलं होतं. बालवाडीतल्या मुलाने पाढे म्हणावेत तशी ऑर्थो, मेटा, पॅरा म्हणत मी एमएस्सी झाले होते. ही बाई मात्र तिथे राहून आल्यासारखी बोलत होती. माझा अहंकार तेव्हा बराच ताठ होता, तरीसुद्धा मनात आलं की आपल्याला हिच्यातलं काहीच येत नाही.

नावांच्या बाबतीत त्या फार कडक होत्या. फिनॉल, टोलुईन, ॲनिलीन ही नावं त्यांना चालत; ती जगाने मान्य केलेली आहेत म्हणायच्या. पण त्यापुढची जुनी, लाडाची, व्यापारातली नावं त्यांच्या प्रयोगशाळेत कुणी उच्चारली की त्या पाय आपटायच्या. त्या स्वतः शाहूपुरीत चौथ्या गल्लीत राहायच्या, आणि वर्गात उदाहरण त्याचंच असे. "माझ्या घरी यायचं असलं तर 'मिरचीवाल्या मगदूमांची महानंदा' म्हणून चालंल? ते गडहिंग्लजात चालतंय. इथं शाहूपुरी, चौथी गल्ली, डाव्या हाताचं तिसरं घर, असंच सांगाय लागतंय. नाव मंजे पत्ता. अनोळखी माणसानं नाव वाचत वाचत नीट दारात येऊन उभं राहिलं पाहिजे. आत कोण बसलंय ते त्याला भायेरनं कळलं पाहिजे."

त्यांच्या गल्लीच्या तोंडावर औषधांचं दुकान होतं. डोकं दुखायला लागलं आणि गोळी हवी झाली की त्या तिथे जायच्या, आणि दुकानदाराने "पॅरासिटामॉल देऊ काय मॅडम?" म्हटलं की विचारायच्या, "त्या नावातला पॅरा कुठला? सांगितलास तर तुझ्याकडनं घेतो, न्हाय तर पलीकडच्याकडनं." बिचाऱ्याने दोनदा गिऱ्हाईक गमावलं. तिसऱ्या वेळी त्याने काउंटरवरच्या बिलबुकामागे षटकोन काढला, एका कोपऱ्याला ओएच लिहिलं आणि बरोबर समोरच्या कोपऱ्याला उरलेलं सगळं. मॅडमना एवढा आनंद झाला की त्या दोन पाकिटं घेऊन आल्या. तो दुकानदार अजून नव्या पोऱ्यांना कामावर ठेवताना तो षटकोन काढायला लावतो म्हणतात. खरं-खोटं तोच जाणे.

विभागातले आम्ही सगळे एकदा जोतिबाला गेलो होतो. डोंगरावर पायऱ्यांच्या कडेने गुलालाची, दवण्याची, नारळाची दुकानं. मॅडम एका गुलालाच्या ढिगापाशी थांबल्या, चिमूट घेतली, बोटांवर चोळली, उन्हात धरली.

"ह्यात काय हाय?" त्यांनी दुकानदाराला विचारलं.

"गुलाल हाय की."

"गुलालात काय हाय?"

"रंग."

"रंगाचं नाव काय?"

दुकानदार म्हातारा होता, टोपी मागे सारून त्याने मॅडमना खालून वरपर्यंत बघितलं. "मावशी, देवाच्या गुलालाला कुणी नाव इचारतंय व्हय? चांगभलं म्हणायचं आन उधळायचं!"

आम्ही सगळे जीव मुठीत धरून उभे. आता हा म्हातारा चांगलाच झापला जाणार. मॅडमनी बोटांवरचा गुलाल पुन्हा एकदा बघितला. मग म्हणाल्या, "ते बी खरंच की." ती चिमूट त्यांनी कपाळाला लावली, भस्माच्या रेघेवर, आणि पुढे चालू लागल्या. दहा पायऱ्या गेल्यावर मागे वळून मला म्हणाल्या, "पण त्या रंगात दोन-तीन षटकोन तर असणारच बघ. रंग त्याबिगर चढत न्हाय." आणि गाभाऱ्यात हात जोडून उभ्या राहिल्या तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. देवापुढे आणि बेंझिनपुढे त्या एकाच चेहऱ्याने उभ्या राहायच्या. मला हे तेव्हा विचित्र वाटलं होतं. आता वाटत नाही.

तर तो दिवस.

माझ्या नोकरीचं दुसरं वर्ष. त्या वर्षी जानेवारीत कॉलेजच्या तपासणीसाठी बाहेरून समिती येणार होती आणि सगळीकडे साफसफाईचं वारं सुटलं होतं. रसायनांचं स्टोअर माझ्याकडे आलं. मी चारच दिवसांत ते आरशासारखं केलं. वरच्या फळीवर, अगदी मागे, एक रुंद तोंडाची बाटली मिळाली. चिठ्ठीवर निळ्या शाईत सुरेख वळणाचं अक्षर: पिक्रिक ॲसिड. आत पिवळा लगदा आणि त्यावर बोटभर पाणी. मला वाटलं, कुणीतरी निष्काळजीपणाने पाणी शिरू दिलंय. मी पाणी ओतून टाकलं, लगदा गाळणकागदावर पसरला, दोन दिवस पंख्याखाली सुकवला, छान कोरडी पिवळी भुकटी झाल्यावर चमच्याने परत भरली, झाकण घट्ट लावलं आणि बाटली पुसून जागेवर ठेवली. समितीने स्टोअरची तारीफ केली. मी त्या तारिफेवर महिनाभर जगले.

नाव वाचलं होतं मी. पण तळहात पुढे धरला नव्हता. तो नियम पोरांसाठी, मी तर मॅडम होते.

पुढच्या जूनमध्ये नॅफ्थॅलिनच्या ओळखीचं प्रात्यक्षिक होतं आणि त्याला थोडं पिक्रिक ॲसिड लागतं. बाहेर प्रयोगशाळेत चाळीस मुलं वाट बघत होती. मी स्टोअरमध्ये गेले, लाकडी स्टुलावर चढले, बाटली काढली. झाकण हलेना. काठावर पिवळी कड जमली होती. बाटली डाव्या हातात घट्ट धरून मी उजव्या हाताने झाकणाला पीळ देण्याच्या बेतात होते.

"अनू."

दारात मगदूम मॅडम होत्या. मी त्यांच्याकडे बघितलं ते त्यांनी हाक मारली म्हणून नव्हे, तर ती हाक हळू होती म्हणून. दोन वर्षांत मी त्यांचा असा आवाज ऐकला नव्हता. आजारी माणसाच्या उशाशी बसून बोलावं तसा.

"झाकणावरचा हात काढ."

मी काढला.

"बाटली हलवू नको. सावकाश, जशी हाय तशी फळीवर टेकव. मी यायलोय तिथं." त्या आल्या. त्यांचे दोन्ही हात स्टुलावर येऊन टेकल्याचं मला जाणवलं. "स्टूल धरलोय मी. खाली बघू नको. बाटलीकडं बघ फकस्त. टेकली? आता हात सोड. आता उतर."

मी का ऐकत होते ते मला कळत नव्हतं. पण त्या आवाजापुढे दुसरं काही करताच आलं नसतं. उतरले. मॅडमनी माझं मनगट धरलं आणि मला बाहेर नेलं, आणि बाहेर पोरांना नेहमीच्या पट्टीत सांगितलं, "आज प्रॅक्टिकल न्हाय! पिशव्या हितंच राहू देत, रांगेनं खाली चला. पळायचं न्हाय. दत्तूमामा, खालचे वर्ग बी मोकळे करा." पोरं सुट्टी मिळाली म्हणून खूश होऊन निघाली. पाच-सात मिनिटांत इमारत रिकामी झाली. पोलिसांच्या बॉम्ब निकामी करणाऱ्या पथकाला फोन मॅडमनीच लावला.

फाटकाजवळ चिंचेखाली कट्टा होता. तिथे बसल्यावर त्यांनी विचारलं, "पाणी कुणी ओतलं?"

"मी."

"वाळवलं कसं?"

"गाळणकागदावर. पंख्याखाली."

"आणि भरलंस?"

"चमच्याने."

त्यांनी डोळे मिटून घेतले. "शिवा, शिवा," एवढंच म्हणाल्या. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. मग म्हणाल्या, "हात पुढं कर. काढ."

मी डावा तळहात धरला. षटकोन काढला. एकला ओएच. दोनला नायट्रो. चारला नायट्रो. सहाला नायट्रो. आणि बोट तिथेच थांबलं.

परीक्षेत मी पिक्रिक ॲसिड हे नाव लिहिलं होतं, आणि दोन-चार-सहा-ट्रायनायट्रोफिनॉल हेही लिहिलं होतं, दोन्हीला पैकीच्या पैकी गुण मिळवले होते. ती दोन्ही एकाच बाटलीत बसलेली आहेत हे मात्र स्टुलावर उभी असताना मला दिसलं नव्हतं. ते पाण्याखाली ठेवतात ते मुद्दाम ठेवतात. वाळलं की त्याचा स्फोट व्हायला नुसतं घर्षण पुरतं, आणि ते घर्षण मी माझ्या हाताने देणार होते.

पथकाची गाडी आली. प्राचार्य धावत पुढे गेले. "विशेष काही नाही हो," ते हसून म्हणाले, "एक ॲसिड वाळलंय जुनं."

अधिकाऱ्यांनी कपाळाला आठ्या घातल्या. "ॲसिड व्हय? मग आमास्नी कशाला बलिवलं? चला रे, आणायला सांगा कुणाला तरी खाली."

एक हवालदार जिन्याकडे वळलासुद्धा. नावाने आधी मला फसवलं होतं, आता ते त्या हवालदाराला वर न्यायला निघालं होतं.

"थांबा!" मॅडमचा मूळ आवाज परत आला होता. हवालदार जागच्या जागी थबकला. मॅडमनी ॲप्रनच्या खिशातून खडू काढला, फरशीवर गुडघे टेकले आणि हात न उचलता षटकोन काढला. त्या घाईतही सांधा दिसला नाही. "सायेब, हिकडं बघा. हे फिनॉल. ह्या दोन नंबरला नायट्रो, चारला नायट्रो, सहाला नायट्रो. बाटलीत हे हाय. आता हे ओएच पुसतो, आणि तिथं मिथाइल लिवतो. आता वळखतासा काय?"

अधिकारी वाकले. क्षणभर बघत राहिले. मग त्यांनी टोपी काढून हातात घेतली.

"टीएनटी," ते म्हणाले. "ट्रेनिंगमधी काढलंवतं आमी हे."

"त्याचं सख्खं भावंड हाय वर फळीवर. वाळलेलं. झाकणाच्या आट्यात बी गेलंय."

"मागं व्हा समदी!" अधिकारी ओरडले. "ओ प्राचार्य सायेब! ओ पावणं, तुमी बी! फाटकाच्या भायेर व्हा आधी!"

पुढचं सगळं त्यांनी फार सफाईने केलं. वाळूच्या पेटीतून ती बाटली गावाबाहेरच्या एका बंद पडलेल्या दगडाच्या खाणीत नेली. मॅडमनी हट्टच धरला म्हणून आम्हा दोघींना लांब रस्त्यावर उभं राहू दिलं. आवाज झाला तेव्हा माझ्या दातांत तो जाणवला. खाणीवर धुळीचा मोठा लोट उठला आणि आजूबाजूच्या उसातून पाखरांचे थवे उडाले. मी त्या धुळीकडे बघत होते. मॅडम बघत नव्हत्या. त्यांनी माझे दोन्ही हात हातात घेतले, उलटसुलट केले, आणि एकेक बोट चिमटीत धरून मोजलं.

"धा हाईत," म्हणाल्या, आणि हात सोडले.

मी तिथे रस्त्यावर बसून रडले. त्या शेजारी उभ्या राहिल्या. रडायचं न्हाय, असं त्या दिवशी म्हणाल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी प्राचार्यांच्या खोलीत अहवाल लिहायला घेतला. प्राचार्य भले होते. माझी नोकरी अजून कायम व्हायची होती हे त्यांना माहीत होतं. "अनवधानाने घडले, असं लिहू," ते म्हणाले.

"अनवधान न्हाय," मॅडम म्हणाल्या. "पाणी हिनं ओतलं. न बघता ओतलं. ते लिवा." माझा चेहरा उतरला असणार. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. "आणि त्याच्याखाली लिवा, बाटलीवर नाव अर्धं हुतं. ते अक्षर माझं हाय."

ते निळ्या शाईतलं सुरेख वळण आठवून मला एकदम कळलं की ते मी रोजच फळ्यावर बघत होते. नोकरीला लागल्याच्या पहिल्या वर्षी मॅडमनी ती चिठ्ठी लिहिली होती, सगळे लिहितात तशीच. पुढे त्यांना नावांचं वेड लागलं तेव्हा त्यांनी फळीमागून फळी सगळ्या चिठ्ठ्या बदलल्या. वरच्या फळीची मागची रांग तेवढी राहून गेली. इतकी वर्षं पोरांना तळहात पुढे करायला लावणाऱ्या बाईची स्वतःची एक चूक तिथे पाण्याखाली गप्प बसून होती, आणि त्यांनी ती सगळ्यांसमोर उचलून टेबलावर ठेवली. मी पुष्कळ विद्वान बघितले. असं करताना दुसऱ्या कुणालाही बघितलेलं नाही.

मेमो दोघींना मिळाला. मी माझा कपाटात तळाशी लपवला. त्यांनी त्यांचा टेबलावरच्या काचेखाली ठेवला, येणाऱ्या-जाणाऱ्याला वाचता येईल असा, आणि निवृत्त होईपर्यंत तो तिथेच होता.

निवृत्तीनंतर त्या गडहिंग्लजला भावाकडे राहायला गेल्या. पण दर जूनमध्ये, कॉलेज उघडायच्या आधी, एक दिवस एसटीने यायच्या. हातात मिरचीपुडीची पिशवी दत्तूमामांसाठी आणि माझ्यासाठी. चहा घ्यायच्या आणि म्हणायच्या, "चल, वरची फळी बघू."

शेवटच्या जूनला त्यांचे गुडघे पार गेले होते आणि एका डोळ्याला नीट दिसत नव्हतं. दोन जिने चढायला त्यांना अर्धा तास लागला. मी म्हटलं, "मॅडम, या वर्षी मी बघते ना, तुम्ही खाली बसा." त्यावर त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी मुकाट्याने स्टुलावर चढले. त्या खाली उभ्या राहिल्या, दोन्ही हातांनी स्टूल धरून. मी एकेक बाटली पुढे ओढून नाव वाचत होते, मागच्या रांगेसकट. प्रत्येक नावाला त्या डोळे मिटायच्या, उजवा हात तेवढा स्टुलावरून काढायच्या आणि डाव्या हाताच्या पंज्यावर, स्टूल न सोडता, बोट फिरवायच्या. मग म्हणायच्या, "हं. फुडं." बोट थरथरत होतं. पण मी वरून बघत होते. षटकोन दर वेळी नीट मिटत होता. सगळी फळी झाली तेव्हा दुपार टळली होती.

मी त्यांना स्टँडवर सोडायला गेले. गडहिंग्लजची गाडी लागलेली होती. त्यांना खिडकीची जागा मिळाली. मी खाली उभी राहून काहीबाही बोलत होते, डोळ्यांत औषध घाला, गुडघ्यांना शेक द्या, पुढच्या वर्षी मीच न्यायला येते. त्यांचं लक्ष नव्हतं. गाडी सुरू झाली तेव्हा त्यांनी खिडकीतून मान बाहेर काढली.

"अनू, ते स्टूल बदल. मागला डावा पाय डुगडुगतोय. त्या दिवशी बी डुगडुगत हुता."

"कुठल्या दिवशी?"

"कुठल्या मंजे? बाटलीच्या. तू चढलीस तवाच बघितलो मी दारातनं."

इतक्या वर्षांत हे त्या कधी बोलल्या नव्हत्या. त्या डगमगत्या स्टुलावर, हातात ती बाटली घेऊन मी उभी होते, आणि खाली ही बाई ते स्टूल दोन्ही हातांनी दाबून धरून आजाऱ्याशी बोलावं तशी माझ्याशी बोलत होती.

"मॅडम, मग तेव्हाच का नाही सांगितलंत?"

"सांगितलो असतो तर तू खाली बघितली असतीस की!"

गाडी हलली. कंडक्टर जवळ आला होता. मॅडमनी मान आत घेतली, त्याच्याकडे वळल्या आणि साऱ्या स्टँडला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "गडहिंग्लज एक, अर्धं!"